पोलादी अंगरख्याचे माप

चिलखत म्हटले की आपल्याला प्रतापगड आठवतो. १६५९ साली अफझलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी अंगात चिलखत आणि डोक्याला शिरस्त्राण घातले होते, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कपड्यांखाली लपवता येईल असे चिलखत कड्यांचे असते. लोखंडी तारेच्या हजारो कड्या एकमेकींत अडकवून केलेले ते एक प्रकारचे विणलेले कापडच. अंग वळेल तसे तेही वळते. युरोपातही पुष्कळ काळ असलीच चिलखते वापरात होती. परंतु चौदाव्या शतकात तेथील कारागिरांनी एक फार अवघड प्रश्न हाती घेतला. वाकणाऱ्या, वळणाऱ्या, धावणाऱ्या माणसाला न वाकणाऱ्या पत्र्याने डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत मढवायचे कसे? पंधराव्या शतकात मिलान, आउग्सबर्ग आणि न्यूरेंबर्ग या शहरांतील कारागिरांनी तो प्रश्न सोडवलाही.

पुढे बंदुका आल्या आणि ही चिलखते मागे पडली. ती घडवणाऱ्या पेढ्या बंद झाल्या. बापाकडून मुलाला आणि उस्तादाकडून उमेदवाराला मिळणारे हे ज्ञान कागदावर फारच थोडे उतरले होते. संग्रहालयात चिलखते उरली, पण ती कशी घडवली आणि अंगावर कशी बसवली, हे सांगणारे कोणी उरले नाही.

ते ज्ञान पुन्हा मिळवण्याच्या कामात आज एक वेगळीच जमात गुंतलेली आहे, ती म्हणजे हौशी कारागिरांची. अमेरिकेत बर्कली येथे १९६६ साली 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम' नावाची संस्था निघाली. तिचे सभासद मध्ययुगीन पोशाख करून वेताच्या तलवारींनी खरोखरीचे द्वंद्व खेळतात आणि त्यासाठी लागणारी चिलखते त्यांतील बरेच जण घरच्या मोटारगाडीच्या खोलीत ठोकून ठोकून स्वतःच बनवतात. युरोपातही असे हजारो हौशी लोक आहेत. कोणी शिक्षक आहे, कोणी वेल्डर, कोणी दवाखान्यात काम करणारा. हा नुसता पोरखेळ आहे असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. परंतु या चिलखताविषयीच्या कित्येक भ्रामक समजुती पुस्तके वाचून नव्हे, तर चिलखत बनवून आणि घालून दूर झाल्या आहेत.

त्यांतली सर्वांत मोठी समजूत वजनाची. संग्रहालयातले पत्र्याचे चिलखत पाहिले की वाटते, या पिंपात शिरलेला माणूस पडला तर उठणार कसा? १९४४ सालच्या 'हेन्री द फिफ्थ' या इंग्रजी चित्रपटात तर चिलखत घातलेल्या सरदाराला यारीने उचलून घोड्यावर बसवताना दाखवले आहे. वस्तुतः पंधराव्या शतकातील रणांगणावरचे पूर्ण चिलखत साधारण २० ते २५ कि.ग्रॅ. भरते, म्हणजे सिमेंटच्या अर्ध्या पोत्याइतके. आजचा सैनिक पाठीवर याहून जास्त ओझे घेऊन चालतो. बूसिको नावाच्या फ्रेंच सेनापतीचे (१३६६–१४२१) जुने चरित्र उपलब्ध आहे. तो चिलखत घालून कोलांट्या मारी आणि शिडीच्या खालच्या बाजूने नुसत्या हातांनी वर चढे, असे त्यात वर्णन आहे. ही भाटगिरी असेल असे पूर्वी काही लोकांना वाटे. मापात बनवलेल्या प्रतिकृती घालून आजच्या माणसांनी कोलांट्या मारून दाखवल्या, तेव्हा ती शंका पुष्कळशी मिटली.

'मापात बनवलेल्या' हे शब्द महत्त्वाचे आहेत. तेच २५ कि.ग्रॅ. वजन बेमाप चिलखताचे असेल, तर माणूस दहा पावलांत दमतो. आपल्याला पाहायचे आहे ते हे माप.

काम सुरू होते पुठ्ठ्यापासून. हौशी कारागीर प्रथम पुठ्ठा कापून, चिकटपट्टीने जोडून अंगावर पूर्ण चिलखताचा साचा बसवतो. पुठ्ठा वाया गेला तर चार आण्यांचे नुकसान, पत्रा वाया गेला तर आठवड्याचे. मात्र माप घेताना अंगात नेहमीचा सदरा चालत नाही. चिलखताच्या आत घालायची बंडी वेगळी असते. ती आत कापूस किंवा कापडाचे थर घालून रजईसारखी टाचलेली आणि अंगाला घट्ट असते. हातांचे आणि पायांचे पत्रे या बंडीला नाड्यांनी बांधतात. म्हणून बंडी आधी आणि चिलखत मागाहून. जुन्या काळी परगावचा सरदार स्वतः येऊ शकत नसे, तेव्हा तो आपले कपडे कारागिराकडे मापासाठी धाडीत असे.

नवशिक्या माणसाची पहिली चूक उरस्त्राणात, म्हणजे छातीच्या पत्र्यात होते. आपली कंबर कोठे असते? आपण पाटलोणीचा पट्टा बांधतो ती जागा ही कंबर नव्हे. अंगठा बरगड्यांच्या खाली दाबत न्या. बरगड्या संपतात आणि माकडहाडाच्या बाजूची रुंद हाडे सुरू होण्यापूर्वी जो मऊ, निमुळता भाग लागतो ती खरी कंबर. जुनी उरस्त्राणे तेथेच संपतात. नवशिका मात्र पोट उघडे राहील या भीतीने पत्रा चार बोटे खाली आणतो. मग खाली बसताच मांडी पत्र्याला टेकते, पत्रा वर सरकतो आणि त्याचा काठ गळ्याला लागतो. पत्रा खऱ्या कंबरेला नीट आवळला, तर तो नितंबाच्या हाडांवरच्या उतारावर घागरीसारखा बसतो. वजनाचा मोठा वाटा तेथे जातो आणि खांदे मोकळे राहतात. कमरेवर घागर घेणाऱ्या बाईला हे कोणी शिकवावे लागत नाही. पोटाच्या खालचा भाग झाकण्यासाठी कंबरेपासून एकावर एक सरकणाऱ्या आडव्या पट्ट्या लोंबत्या ठेवतात.

वजन शरीरावर कोठे आहे याला किती महत्त्व असते, ते २०११ साली इंग्लंडमध्ये लीड्स येथे झालेल्या एका प्रयोगात दिसून आले. चिलखत घालण्याचा चांगला सराव असलेल्या चार माणसांना प्रतिकृती घालून फिरत्या पट्ट्यावर चालवले आणि पळवले. श्वासातून किती ऑक्सिजन खर्च होतो हे मोजून शास्त्रज्ञांनी ऊर्जेचा हिशेब काढला. चिलखते ३० ते ५० कि.ग्रॅ.ची, म्हणजे जडच होती. चालताना ऊर्जेचा खर्च २.१ ते २.३ पट झाला आणि पळताना सुमारे १.९ पट. तेवढेच वजन नुसते धडावर असते तर खर्च यापेक्षा कमी आला असता. याचे कारण पायांवरचे सात-आठ कि.ग्रॅ. पोलाद. आपण चालतो तेव्हा धड जवळजवळ एकाच वेगाने पुढे सरकत असते. पाऊल मात्र जमिनीवर थांबते, उचलल्यावर वेग घेते आणि पुन्हा थांबते. प्रत्येक पावलाला पायावरच्या पोलादाला नव्याने गतिज ऊर्जा द्यावी लागते आणि लगेच काढून घ्यावी लागते. दुसरी गोष्ट अशी आढळली की, छाती पत्र्यात बंद असल्याने ही माणसे खोल श्वास घेण्याऐवजी उथळ आणि भराभर श्वास घेत होती. म्हणून अनुभवी कारागीर छातीचा पत्रा फुगीर ठेवतो आणि नडगीचा पत्रा होता होईल तो पातळ करतो.

तांबटाची विद्या

आता पुठ्ठा बाजूला ठेवून पत्र्याकडे वळू. सपाट कागद घ्या. तो नळीसारखा गुंडाळता येतो, शंकूसारखाही वळवता येतो. पण तोच कागद चेंडूवर सुरकुती न पडता बसवून पाहा. बसत नाही. पत्र्याचेही तसेच. पुढचा हात आणि मांडी यांच्यासाठी नळीसारखे वळवलेले पत्रे बरेचसे चालतात. डोके, खांदा, कोपर आणि गुडघा यांच्यासाठी घुमट लागतो, आणि घुमट करायचा तर धातू ताणला तरी पाहिजे किंवा आकसवला तरी पाहिजे.

ताणण्याची रीत सोपी. झाडाच्या बुंध्याच्या ठोकळ्यात खळगा करायचा, त्यावर पत्रा ठेवायचा आणि गोल तोंडाच्या हातोड्याने ठोकत जायचे. यात धोका कोठे आहे तो गणिताने पाहू. र त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ πर², आणि तेवढ्याच त्रिज्येच्या अर्धगोलाचे २πर². म्हणजे काठ जागच्या जागी ठेवून सपाट चकतीचा अर्धगोल केला, तर क्षेत्रफळ दुप्पट होते. धातू तेवढाच, म्हणून जाडी सरासरी निम्मी! वर सांगितलेल्या अमेरिकन संस्थेच्या नियमांप्रमाणे शिरस्त्राणाचे पोलाद किमान १.६ मि.मी. जाडीचे लागते. ते असे नुसते ताणून केले, तर सरासरी ०.८ मि.मी. उरेल, आणि टाळूवर, जेथे घाव बसायचा तेथे, त्याहूनही कमी.

दुसरी रीत आकसवण्याची. मोठी चकती घ्यायची, सुमारे १.४१ र त्रिज्येची, म्हणजे तिचे क्षेत्रफळ मुळातच २πर² होईल. ती गोल डोक्याच्या ऐरणीवर धरून बाहेरून ठोकत काठ आत आत आणायचा. यात मध्याची जाडी टिकून राहते, पण काठाचा परीघ १.४१ पटींवरून १ पटीवर आकसवावा लागतो. सुरकुती पडते, ती ठोकून जिरवायची, पुन्हा पडते, पुन्हा जिरवायची. मिलानचा कारागीर अख्खे शिरस्त्राण अशा एकाच पत्र्यातून उठवी. आजचे बहुतेक हौशी लोक दोन अर्धे भाग करून मध्ये वेल्डिंग करतात. त्यात कमीपणा काही नाही, मात्र ते सांगावे.

ही विद्या पुण्याच्या तांबट आळीत आजही पाहता येते. तांब्याची घागर किंवा हंडा अशाच ठोक्यांनी उठवतात आणि शेवटी गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने सगळीकडे सारखे ठोके देऊन तो मठारतात. ठोकून ठोकून धातू कडक होतो, कारण त्याच्या स्फटिकांतले थर एकमेकांवरून सरकून शेवटी अडकून बसतात. मग तो तापवून मऊ करावा लागतो, नाहीतर चीर जाते. पोलादाला यासाठी चांगले लालभडक करावे लागते. (हौशी लोकांना येथे एक इशारा नेहमी दिला जातो: जस्ताचा मुलामा असलेला पत्रा भट्टीत घालू नये. जस्त जळून जो पांढरा धूर निघतो तो नाकात गेल्यास कडकडून ताप भरतो.)

सर्वांत कठीण तुकडा कोणता, असे विचारले तर बहुतेक लोक शिरस्त्राण म्हणतील. खरे म्हणजे नडगी आणि पोटरी झाकणारी जोडी कठीण. पोटरीला फुगवटा हवा, घोट्याच्या वर खोगिरासारखा आकार हवा, घोट्याच्या हाडाला जागा हवी. आणि हे सर्व कातडीपासून बोटभरसुद्धा दूर न जाता. अर्धा सेंटिमीटर सैल राहिली तर ती खाली सरकून पावलावर आदळते आणि दोन तासांत पाय सोलून निघतो.

जाडी, आकार आणि बाण

पत्रा दुप्पट जाड केला की वजन दुप्पट होते, पण वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो, कारण तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. मग सगळीकडे जाड पत्रा का वापरू नये? वजन परवडत नाही म्हणून. पण वजन न वाढवताही विरोध वाढवता येतो. पोस्टकार्ड एका टोकाला धरा, ते लवते. त्याला मध्ये लांबीच्या दिशेने घडी घाला, ते ताठ उभे राहते. छपराचा पन्हळी पत्राही याच तत्त्वावर टिकतो. सोळाव्या शतकाच्या आरंभी जर्मन कारागीर चिलखतावर पंख्यासारख्या पन्हळी पाडू लागले. सम्राट मॅक्सिमिलियन याच्या नावाने ती पद्धत ओळखली जाते. ती दिसते शोभेची, पण पत्र्याला बळही देते. चिलखताच्या प्रत्येक तुकड्याचा काठ आपल्या पातेल्याच्या काठासारखा वळवलेला असतो, त्याचेही एक कारण हेच; दुसरे म्हणजे तीक्ष्ण काठ अंगाला लागू नये.

आता बाणाचे पाहू. २०१९ साली इंग्लंडमध्ये काही कारागीर, एक धनुर्धर आणि शस्त्रांचे अभ्यासक यांनी मिळून पंधराव्या शतकाच्या आरंभीच्या पद्धतीचे उरस्त्राण बनवले आणि त्यावर लांब इंग्रजी धनुष्याने बाण सोडले. बाण सुमारे ८० ग्रॅम वजनाचा आणि वेग सेकंदाला ५० मीटरहून थोडा अधिक. ५२ मीटर धरून गतिज ऊर्जा काढा: अर्धे गुणिले ०.०८ गुणिले ५२ चा वर्ग, म्हणजे सुमारे १०८ ज्यूल. एक किलोचे वजन ११ मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून टाकण्यासारखे. मध्ये सुमारे अडीच मि.मी. आणि काठाकडे दीड मि.मी. जाड असलेल्या त्या उरस्त्राणातून बाण आरपार गेला नाही. बाण निसटले किंवा मोडले. फुगीर आकार येथेही कामी येतो. बाण पत्र्यावर सरळ न बसता लंबाशी ६० अंशांचा कोन करून बसला, तर पत्र्यावर लंब दिशेने येणारा वेग निम्मा होतो आणि त्या दिशेची ऊर्जा एक-चतुर्थांश. उरलेली ऊर्जा घेऊन बाण घसरतो. पण घसरून जातो कोठे? वर, गळ्याकडे! म्हणूनच कित्येक जुन्या उरस्त्राणांवर गळ्याखाली इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी उंच पट्टी ठोकलेली आढळते.

विळ्याला किंवा कुऱ्हाडीला लोहार पाणी देतो, तसे पाणी दिलेले चिलखत आणखी कठीण होते. अ‍ॅलन विल्यम्स या अभ्यासकाने जुन्या चिलखतांच्या पोलादाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून २००३ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या मते इटालियन कारागिरांनी सोळाव्या शतकात पाणी देणे सोडले, याचे कारण शोभा. सोन्याचा मुलामा देण्यासाठी पारा आणि सोने यांचे मिश्रण लावून पारा तापवून उडवीत. पारा ३५७ अंश सेल्सियसला उकळतो, आणि तेवढ्या तापमानाला पाणी दिलेल्या पोलादाचा कठीणपणा बराच उतरतो. सरदारांनी चकाकी निवडली असे म्हणावे लागेल.

शिरस्त्राणाचे माप घेताना दोन गोष्टींची ओढाताण होते. घावाची ऊर्जा डोक्यापर्यंत हळू पोचावी म्हणून आत गादी हवी. ऊर्जा भागिले थांबण्याचे अंतर म्हणजे सरासरी बल. दोन मि.मी.ऐवजी दोन सें.मी. अंतरात घाव थांबला, तर बल दहा पटींनी कमी होते. पण गादी जाड केली की पत्रा डोळ्यापासून दूर जातो. आठ मि.मी.ची फट डोळ्यापासून ३ सें.मी. अंतरावर असेल तर वर-खाली सुमारे १५ अंशांतले दिसते, ६ सें.मी.वर असेल तर फक्त साडेसात अंशांतले. पुठ्ठ्याला फट कापून डोळ्यासमोर पुढे-मागे करून पाहा, लगेच पटेल. त्यामुळे कपाळ आणि टाळू येथे गादी जाड ठेवून डोळ्यांसमोरचा पत्रा मात्र जवळ आणण्याची कसरत करावी लागते.

सांधे

हे सर्व जमले, तरी सांधे जमले नाहीत तर चिलखत निरुपयोगी. गुडघ्याच्या वाटीवर एक पोलादी वाटी येते. तिच्या वर आणि खाली अरुंद पट्ट्या असतात, आणि त्या दोन्ही बाजूंना रिव्हेटवर फिरतात. रिव्हेट सैलसर ठोकतात, म्हणजे पट्टी फिरेल पण खुळखुळणार नाही. रिव्हेटची जागा मात्र अचूक हवी. गुडघा ज्या अक्षाभोवती फिरतो त्याच अक्षावर चिलखताचा सांधा फिरला पाहिजे. समजा तो अक्ष २ सें.मी. चुकला आणि पाय ९० अंशांत वाकला. भूमिती सांगते की दोन अक्षांतले अंतर अ आणि कोन क असेल, तर पत्रा आणि पाय यांच्यात २अ × ज्या(क/२) इतकी घसर होते. येथे ती २.८ सें.मी. येते. घट्ट बसवलेल्या चिलखतात पावणेतीन सेंटिमीटर सरकायला जागा नसते. मग एक तर पत्रा गुडघ्यामागच्या मऊ भागात रुततो किंवा सांधा अडकतो. रणांगणावर अडकलेला गुडघा म्हणजे मरण.

खांद्याचा सांधा तर सर्व दिशांना फिरतो, एका रिव्हेटने तेथे भागत नाही. तेथे कारागिरांनी दोन युक्त्या केल्या. पट्ट्या आतून कातड्याच्या वाद्यांवर टांगल्या, आणि काही रिव्हेटना गोल भोकाऐवजी लांबट खाच दिली. त्यामुळे पट्टी फिरते आणि सरकतेही. कोकणातल्या वाचकांनी शेवंडीची शेपटी हाताळली असेल. तीच ही रचना.

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीसाठी १५२० साली पायी द्वंद्वाचे एक चिलखत घडवण्यात आले. त्यात काखा, कोपराच्या आतल्या बाजू, गुडघ्यांमागची जागा, सर्व काही सरकत्या पट्ट्यांनी बंद आहे. वजन ४२ कि.ग्रॅ.हून अधिक. स्पर्धेचे नियम ऐन वेळी बदलल्याने ते अपुरेच राहिले. पुढे १९६२ साली अमेरिकेत 'नासा'साठी अवकाश-पोशाखाचा विचार करणाऱ्या अभियंत्यांनी या चिलखताचा अभ्यास केला. त्यांची अडचण अशी होती: हवा भरलेली सायकलची ट्यूब वाकवायला जोर लागतो, कारण वाकवताना तिचे आतले घनफळ कमी होते आणि हवा विरोध करते. निर्वात अवकाशात हवा भरलेल्या पोशाखाचे कोपर असेच ताठ होते. कड्यांसारख्या कठीण पट्ट्या एकमेकींत सरकत वाकल्या, तर घनफळ जवळजवळ बदलत नाही आणि वाकायला श्रम पडत नाहीत. चंद्रावर उतरलेले पोशाख पुढे मऊच निघाले, हेही सांगितले पाहिजे.

गुडघ्याचा सांधा तुम्हाला घरी करून पाहता येईल. जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याच्या दोन रुंद पट्ट्या घ्या. एक अर्ध्या नळीसारखी वाकवून गुडघ्याच्या वर मांडीला नाडीने बांधा, दुसरी तशीच नडगीला. दोन्हींची टोके गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना एकमेकांवर येऊ द्या आणि कागद अडकवायच्या पितळी पिनांनी जोडा. पिनेची जागा ठरवण्यासाठी गुडघ्याच्या दोन्ही बाजूंची टणक हाडे चाचपा. अक्ष वाटीच्या रेषेत नसतो, तो बराच मागे असतो. आता पाय वाकवा. पुठ्ठा निमूटपणे पायाबरोबर वळेल. नंतर दोन्ही पिना २ सें.मी. वर सरकवून लावा आणि पुन्हा वाकवा. नडगीवरच्या पट्टीचा काठ पेन्सिलीने आधी आखून ठेवलात, तर घसर किती झाली हे पट्टीने मोजता येईल. नाडी फार घट्ट असेल तर मात्र मोजण्याआधीच पुठ्ठा फाटेल.